मागून आलो

"झालं की, एवढा एक पॅच लावतो," असं बापू म्हणाला, त्यालाही पाऊण तास होऊन गेला होता. एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली तो उकिडवा बसला होता. समोर पोस्टमनची सायकल उताणी पडलेली, आणि पोस्टमन टपालाची पिशवी पोटाशी धरून त्याला आपल्या मुलीच्या लग्नाची हकीकत सांगत होता. मी रस्त्याच्या कडेला पिवळ्या रेनकोटात, सायकलवरून एक पाय खाली टेकून उभा. पाऊस नुसता ओतत होता.

"बापू, साडेनऊ वाजले."

"वाजू देत की."

"दीड वाजता खाडीवरची शेवटची तर सुटते. ती चुकली की आजचा मुक्काम चुकला, उद्याचा चुकला, सगळंच बोंबललं."

"अरे मास्तर, तर काय पळून चाललीय का? खाडी तिथंच, होडी तिथंच." बापू हसला आणि ट्यूब कानाशी नेऊन हवा ऐकू लागला. "आणि या बिचाऱ्याला अजून तीन वाड्या टपाल वाटायचंय. तू हो म्हण, आणखी पाच मिनिटं."

मास्तर म्हणजे मी, शिराळकर. सांगलीत एका हायस्कुलात पी.टी. शिकवायचो. गळ्यात शिट्टी आणि नाकावर राग, दोन्ही कायम. बापू तेरदाळेची गावात पिठाची गिरणी होती. दळण घेऊन येणारं माणूस त्याच्याशी तासभर बोलल्याशिवाय जायचं नाही, आणि गिरणी ठेवून सायकलवर निघाला तरी रस्त्यावर त्याला दळणवाले भेटायचेच. कुणाची बैलगाडी अडकलेली, कुणाची म्हैस सुटलेली. त्या दिवशी पोस्टमन.

ही एकोणनव्वद सालची गोष्ट, सप्टेंबर अखेरची. पाऊस खरं तर ओसरायला हवा होता, पण समुद्रात कुठंतरी वादळ झालं होतं आणि देवगडच्या अलीकडं आम्हाला तिसरा दिवस कोरडा मोजा पायात घालायला मिळाला नव्हता. रात्री शाळेच्या व्हरांड्यात झोपलो होतो. त्यात माझं पोट बिघडलं होतं. सकाळपासून दोनदा कुंपणाआड जाऊन आलो होतो, आणि बापू दोन्ही वेळा रस्त्यावर माझी सायकल धरून उभा राहिला होता. हे मला साडेनऊला आठवलं नाही.

दर वर्षी आम्ही असे निघायचो. सुरुवातीला सात जण होतो. गोव्यापर्यंत जाऊन आलो, हंपीला गेलो. पहिल्याच वर्षी गगनबावड्याला चौगुले वाट चुकला आणि सगळी रात्र एकटा जंगलात बसून राहिला. त्यानंतर मी नियम केला. मीच केला, आणि शाळेत कवायत पाठ करून घ्यावी तसा सगळ्यांकडून पाठ करून घेतला. फाटा आला की पुढचा थांबेल. मागचा डोळ्यांनी दिसल्याशिवाय चाक हलवायचं नाही. आणि फाट्यावर कुणीच नसेल, तर आपणच पुढचे आहोत असं समजायचं आणि थांबायचं. एकदा उपाध्येनं हा नियम मोडला, तर मी त्याला चिपळूणहून एस.टी.त बसवून परत पाठवलं होतं. त्याची सायकल टपावर मीच बांधली.

तर त्या सातांचे हळूहळू पाच झाले, तीन झाले, आणि आता दोघं. का झाले ते गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

पॅच चिकटला. पोस्टमननं बापूला दोन्ही हात जोडले, बापूनं त्याला "मुलीला आमचा आशीर्वाद सांगा" म्हटलं, आणि मग ओल्या फडक्याला हात पुसत सावकाश आपल्या सायकलीकडं आला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

"तुझ्यामुळंच सगळे गळाले," मी म्हणालो.

"काय?"

"तुझ्यामुळं. सात होतो आपण. दर दोन मैलांवर तुझी समाजसेवा. कोण येणार तुझ्याबरोबर? लोकांना सायकल चालवायची असते, बापू. तुला नुसतं मिरवायचं असतं, मी किती चांगला, मी किती चांगला!"

बापूच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. तो मला सहज म्हणू शकला असता की बाबा, ते तुझ्या तोंडाला कंटाळून गेले, मी एकटा राहिलो. ते खरं होतं आणि आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"असंल," एवढंच तो म्हणाला, आणि खाली बसून पंप सायकलीला अडकवू लागला.

मी टांग मारली आणि निघालो. मागं वळून पाहिलं नाही.

रागात सायकल फार छान चालते. सहा-सात किलोमीटर मी कसा गेलो ते कळलं नाही. दोन्ही बाजूंना काजूची झाडं, लाल पाणी वाहणारी गटारं, आणि माणूस म्हणाल तर औषधालाही नाही. मग उतार संपला आणि फाटा आला. तिकडं त्याला तिठा म्हणतात, तीन रस्त्यांची जागा. एक रस्ता आम्ही आलो तो, एक उजवीकडं बंदराकडं तरीला, एक सरळ आत कुठंतरी. तिठ्यावर एक पिंपळ, एस.टी.ची वाट बघणाऱ्यांसाठी दगडी ओटा, आणि झावळ्यांनी शाकारलेलं चहाचं दुकान. दुकानाच्या दारात एक बाई सुपात तांदूळ घेऊन बसली होती. साठीच्या आसपासची, कपाळ मोठं, नजर सरळ माणसावर ठेवणारी.

"खय चाललास रे बाबा येवड्या पावसात?" तिनं विचारलं. "बस मा हयसर, चाय घेवन जा."

मी ब्रेक लावला. पाय टेकला. सवयच होती अंगाला, फाटा दिसला की पाय आपोआप खाली यायचा. मागं बघितलं. उताराचा रस्ता मोकळा, पावसानं पांढरा झालेला. मनात म्हटलं, आता हा येणार, वाटेत आणखी कुणाचं गाढव हाकून, आणि जणू काही झालंच नाही असा हसणार. आणि मला गप्प बसावं लागणार. एकदा तरी याला कळू दे.

"चहा नको, मावशी. तरीचा रस्ता हाच ना?"

"ह्योच. सरळ खाली."

मी पाय पॅडलवर ठेवला आणि उजवीकडं वळलो.

बापू हरवेल असं मला अजिबात वाटलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. तरीला जायचंय हे त्याला माहीत होतं. तोंडात जीभ होती, आणि रस्त्यावरच्या दगडालाही बोलतं करणारा माणूस तो. विचारून येईल, अर्धा तास उशिरा येईल, मी होडीजवळ बसलेला असेन, आणि मी थांबलो नाही एवढं त्याला कळेल. एवढाच हिशेब. शिक्षा म्हणा हवं तर. मास्तर होतो ना मी.

पंधरा किलोमीटर उतरून बंदराला पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. बंदर कसलं, चार दगडांची उतरंड, एक शेड आणि त्यात होडी चालवणारा एक तांडेल बिडी ओढत बसलेला. खाडी तपकिरी झाली होती आणि पलीकडचा काठ पावसात दिसतच नव्हता. मी शेडमध्ये रेनकोट झटकून बसलो. पहिला अर्धा तास मजेत गेला, खोटं कशाला बोलू? बापू आला की काय बोलायचं, किती गप्प राहायचं, सगळं ठरवत बसलो. मग बारा वाजले. मग साडेबारा. बापू काही दिसेना.

एक वाजता तांडेल म्हणाला, "चला पावणे, चार माणसां झाली. नंतर वारो वाढतलो, मगे आज काय होडी सुटूची नाय."

मी सायकल उचलून होडीत ठेवली. दोन बायका माशांच्या रिकाम्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या, त्यांनी सरकून जागा केली. तांडेलानं बांबू हातात घेतला. आणि मी सायकल पुन्हा उचलून बाहेर काढली.

"काय झाला?" तांडेल वैतागला.

"माझा माणूस यायचाय."

"मगे अदी सांगूक नको?" तो बडबडत होडी लोटून निघून गेला. होडी पावसात दिसेनाशी झाली आणि बंदरावर मी एकटा उरलो. समोर पाणी, वर पाणी, अंगावर पाणी. पोटात कळ यायला लागली होती आणि सायकल धरायला कुणी नव्हतं. मला एकदम फार एकटं वाटलं. अडतीस वर्षांचा घोडा, शाळेत सहाशे पोरं माझ्या शिट्टीवर हलायची, आणि त्या शेडमध्ये मला रडू यायचं बाकी होतं. बापूला काही झालं तर? घाटातला ट्रक, निसरडा उतार, एखादा पूल वाहून गेलेला. त्याला काही झालं तर मी शेवटचं काय बोललो होतो?

दोन वाजता एस.टी. आली. बंदर हे तिचं शेवटचं ठिकाण. ड्रायव्हर गाडी वळवू लागला, तोवर कंडक्टर छत्री उघडून शेडमध्ये आला आणि माझ्या सायकलीकडं बघून म्हणाला, "आज सायकलवाल्यांचा मोसम दिसतोय. तिकडं तिठ्यावर एक जण बसलाय. सकाळपासून. म्हटलं, चला गाडीत, तर नको म्हणतो. दोस्त मागं राहिलाय म्हणे त्याचा, तो आल्याशिवाय हलणार नाही. भिजून पार चिंब झालाय हो माणूस. तुमच्यातलाच काय?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोट! मी कुठंतरी कुंपणाआड असणार आणि पावसात तो मला न बघता पुढं आला, असं त्याला वाटलं होतं. तिठ्यावर आला, मी दिसलो नाही. फाट्यावर कुणी नसेल तर आपणच पुढचे. थांबायचं. मास्तरचा नियम. मास्तर नियम मोडून पुढं गेला असेल हे त्याच्या मनाच्या कोपऱ्यातही आलं नाही.

"तुमच्यातलाच काय?" कंडक्टरनं परत विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "मी एकटाच आहे."

कसं निघालं तोंडातून कोण जाणे. हो म्हणालो असतो तर त्यानं पुढचा प्रश्न विचारला असता, मग तुम्ही इथं कसे?

"बरं. पण आज होडी काय सुटत नाही आता. येताय का परत? सायकल टपावर टाकू, अर्ध्या तासात तिठ्यावर."

अर्धा तास. कोरड्या सीटवर बसून अर्धा तास. आणि मग मी तिठ्यावर उतरणार, पुढच्या रस्त्यानं आलेल्या गाडीतून. बापू बघणार. त्याला मी काय सांगणार होतो?

"नको," मी म्हणालो. "सायकलनंच जाईन."

एस.टी. गेली. पलीकडून तांडेल रिकामी होडी घेऊन परत येईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो, आणि त्याला विचारलं, तिठ्याच्या पलीकडं, वरच्या अंगाला निघणारा दुसरा कुठला रस्ता आहे का.

"हा मा. पाच मैल चढलास काय डाव्या हाताक गाडीवाट. वाडीतसून जाता, आणि तिठ्याच्या मागे मैलभर सडकेक लागता. पण चिखल हा गुडघाभर. सरळ सडक सोडून तिकडसून कित्याक जातंस?"

मी सायकलवर बसलो आणि चढाला लागलो.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर सगळंच अर्धवट राहील. बापू जैन. बाकी कशात कर्मठ नव्हता, पण दिवस मावळल्यावर अन्नाला शिवायचा नाही. आणि आम्ही सकाळी निघताना नुसता चहा प्यायलो होतो, कारण माझं पोट बिघडलं म्हणून त्यानंही काही खाल्लं नव्हतं. ढगांमुळं कधी अंधारेल याचा नेम नव्हता. हे सगळं मला त्या गाडीवाटेच्या तोंडाशी उभं राहून ठाऊक होतं. सरळ गेलो तर पाऊण तासात त्याच्यासमोर. वाडीतून गेलो तर दोन तास, कदाचित जास्त. मी डावीकडं वळलो.

चिखल गुडघाभर नव्हता, पण सायकल चालवण्यासारखा मुळीच नव्हता. चाक आणि मडगार्डच्या मध्ये लाल गाळ बसायचा, दर पन्नास पावलांवर काठीनं खरवडून काढायचा, पुन्हा ढकलायचं. एका ओढ्यात सायकल खांद्यावर घेतली. एका घराच्या पडवीत म्हातारा बसला होता, त्यानं हाक मारली, तर मी मान खाली घालून पुढं गेलो. चोराच्या मनात चांदणं. सगळा वेळ गोष्ट जुळवत होतो. आधी पोट, मग पंक्चर, मग पंपाचा वायसर गेला, मग एका घरात पडून राहिलो. इतकी कारणं नकोत, दोनच पुरे. शाळेत पोरांनी असली कारणं दिली की मी कानाखाली वाजवायचो.

सव्वापाचला सडकेला लागलो. एक मैल उतार. आणि तिठा दिसायच्या आधी बापू दिसला.

तो दुकानाच्या छपराखाली नव्हता. ओट्यावर पिंपळाखालीही नव्हता. तो रस्त्याच्या मध्ये उभा होता, उताराकडं तोंड करून, म्हणजे लांबून येणाऱ्याला दिसावं. अंगावरचं प्लॅस्टिक फाटलं होतं. ओठ निळे पडले होते. मला बघितल्यावर त्यानं दोन्ही हात वर केले आणि धावत आला, आणि मी उतरायच्या आत माझं हँडल धरलं.

"आलास! पोट कसं हाय?"

हे पहिलं. पोट कसं आहे.

"बरंय आता," मी म्हणालो.

"अरे मी मागं तीन मैल बघून आलो. या मावशीला सांगितलं, तो आला तर थांबवा, आणि गेलो. दोनदा गेलो. प्रत्येक कुंपणाशी हाक मारली, मास्तर, मास्तर! लोक मला येडा समजले असतील. कुठं होतास?"

"पडलो होतो एका घरात. ताप होता थोडा. मग पंक्चर."

"चेहरा बघ की कसा उतरलाय. चल, चल आत." त्याचे दात वाजत होते. माझी सायकल त्यानंच ढकलत आणली आणि दुकानाच्या दारातूनच ओरडला, "मावशी! ओ घाडीकाकू! बघा, आला का नाही? मागूनच आला का नाही?"

ती बाई बाहेर आली. सकाळचीच, मोठ्या कपाळाची. चुलीच्या धुरानं डोळे बारीक केलेले. तिनं आधी माझा पिवळा रेनकोट पाहिला, मग माझं तोंड.

"दिवसभर भांडतायत माझ्याशी," बापू मला सांगू लागला. त्याला कधी एकदा सांगतो असं झालं होतं. "म्हणतात, पिवळा रेनकोटवाला सकाळीच खाली गेला, मी बघितला, बोललेसुद्धा त्याच्याशी. म्हटलं, काकू, असंल दुसरा कुणी. पिवळा रेनकोट काय एकाच माणसाकडं असतो? आमचा मास्तर फाट्यावर थांबल्याशिवाय जायचा नाही, मरंल पण जायचा नाही. नियमच त्यानं केलाय! एका मित्राला त्यानं चिपळूणहून परत पाठवला या नियमापायी. कंडक्टरपण म्हणाला, बंदरावर एक सायकलवाला बसलाय, पण एकटाच आहे म्हणतो. म्हटलं, एकटा असंल तर मग तो आमचा नव्हं." बापू हसला. मग जरा ओशाळला. "काकू, मी दुपारी तुमच्यावर आवाज चढवला. चुकलं माझं. पण तुम्ही सारखं म्हणायला लागला तो गेला, तो गेला, तर मला राग आला. माझ्या माणसाबद्दल कुणी तसं बोललेलं खपत नाही मला."

मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. काकूंचं खरं आहे, बापू. चार-पाच शब्द. बापू रागावला नसता, मला माहीत होतं. 'असंल' म्हणाला असता आणि खाली बसून सायकलीला काहीतरी अडकवत राहिला असता. तेवढंच मला सोसवणार नव्हतं.

बाई माझ्याकडं बघत होती. वाट बघत होती. तिनं मला पुरेसा वेळ दिला, हे मी आजही कबूल करतो.

"खय होतंस रे तू?" शेवटी तिनं विचारलं.

"मागं," मी म्हणालो. "मागंच होतो."

मग तिनं पदरानं डोळे पुसले, धूर गेला होता डोळ्यांत, आणि बापूकडं वळून म्हणाली, "मगे माझीच नजर चुकली आसतली. म्हातारी झालंय. आता दिसना नाय माका लांबचा."

"असू द्या हो काकू, होतं असं," बापू मोठ्या मनानं म्हणाला.

"जा, मागे न्हाणीत गरम पाणी ठेवलंय. आंग पूस आणि माझ्या झिलाचो सदरो हा थंय, तो घाल. दिवस बुडाच्या आत जेवक होया ना तुका?"

बापू मागं गेला. आम्ही दोघंच राहिलो. तिनं दोन पितळी ताटल्या मांडल्या, चुलीवरचं मडकं उतरवलं आणि पेज वाढू लागली. लाल तांदळाची घट्ट पेज, कडेला कैरीच्या लोणच्याची फोड.

"दुपारी वाढलंय हुती तेका," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "हात लावक नाय. तो इलो काय दोघांय मिळान जेवतलंव म्हणालो. तीन वेळा गरम केलंय."

"काकू," मी म्हणालो, "मी..."

"मी खोटा बोललंय ता तुझ्यासाठी न्हय." तिनं पळी मडक्यात ठेवली. "बस. जेव."

बापू आला. अंगात काकूंच्या मुलाचा तोकडा सदरा, केस पुसून उभे राहिलेले, आणि तोंडभर आनंद. माझ्या शेजारी मांडीला मांडी लावून बसला, ताटलीतली अर्धी पेज माझ्या ताटलीत ओतली. "पोटाला हलकी असते ही, खा तू," म्हणाला. सकाळच्या भांडणाबद्दल एक अक्षर नाही. मी खाल्लं. सगळं खाल्लं. त्याच्याइतकं जवळ माझं कुणी नव्हतं, आणि त्या घासाइतका एकटा मी नंतरही कधी जेवलो नाही.

त्यानंतर सोळा वर्षं आम्ही सायकली चालवल्या. प्रत्येक फाट्यावर मी थांबलो. पंधरा मिनिटं, अर्धा तास, एकदा बदामीच्या वाटेवर दोन तास. बापू यायचा, लांबूनच हात वर करायचा. पोस्टमन भेटो, गुराखी भेटो, मी कधी तोंडातून शब्द काढला नाही. मास्तर सुधारला, लोक म्हणायचे.

आणि ती गोष्ट तो सगळीकडं सांगायचा. गिरणीत सांगायचा, लग्नात सांगायचा, माझ्या निवृत्तीच्या समारंभात तर माईक हातात घेऊन सांगितली. अंगात ताप, पोटात कळा, पंक्चर झालेली सायकल ढकलत हा माणूस चिखलातून आला, पण आला. मागूनच आला! आणि ती म्हातारी मला म्हणते, तो पुढं गेला! सगळे हसायचे, टाळ्या वाजवायचे, आणि मी खुर्चीत बसून राहायचो. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. दर वेळी बापू माझ्याकडं बघून हसत असायचा.

दोन वर्षांपूर्वी बापू गेला. झोपेतच गेला. शोकसभेला अख्खं गाव लोटलं होतं. त्याच्या मुलीनं मला पुढं बोलावलं. तिची आई पहिल्या रांगेत बसली होती. "काका, ती तिठ्याची गोष्ट तुम्ही सांगा," मुलगी म्हणाली. "अप्पांच्या तोंडून शंभरदा ऐकलीय. आज तुमच्या तोंडून ऐकायचीय."

मी उभा राहिलो. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, ज्याच्यापासून लपवायचं तोच नव्हता. बापूची बायको डोळ्यांना पदर लावून माझ्याकडं बघत होती. मघाशी ती मला म्हणाली होती, "तुम्ही बरोबर असायचात म्हणून मी घरी सुखानं झोपायचे."

मी घसा साफ केला आणि गोष्ट सांगितली. पोट, ताप, पंक्चर, चिखल. म्हातारीची नजर चुकली तेसुद्धा. बापू सांगायचा, अगदी तशीच.